श्री नसलेलं पत्र

हर्षालीला पुढारपणाची हौस लहानपणापासूनची. भातुकलीत ती सासू व्हायची, शाळेत मॉनिटर, आणि गणपतीत आरतीचं ताट कुणी धरायचं हेही तीच ठरवायची. त्यामुळे नव्व्याण्णव सालच्या मेच्या अखेरीस सुभेदारांनी जवानांच्या पोरांचं मंडळ काढलं आणि प्रमुख कोण होणार असं विचारलं, तेव्हा तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. कुणालाच नवल वाटलं नाही.

सुभेदार म्हणजे चांगदेव सुभेदार. पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढून आलेले. आता येडगावच्या धरणाखाली दोन एकरांत कांदा करायचे आणि बांधावरून चालतानाही डावा-उजवा पाय मोजत चालायचे. कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या तशी त्यांची झोप उडाली. शाळेतल्या अकरा पोरांचे बाप फौजेत होते. घरं मळ्यामळ्यांत विखुरलेली. टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसल्या की घरातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या, आणि पोरं कुणाशी बोलायची तर कुणाशीच नाही. सुभेदारांनी सगळ्यांना शाळेच्या पडवीत बसवलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्यांनी धीर दिला की पोरांना वाटतं ह्यांना काय कळतंय. तुमीच एकमेकाला धरा. दर शनिवारी हितं बसायचं, पत्रं लिहायची. ज्याचं पत्र आलं न्हाई त्याच्याशेजारी ज्याचं आलंय त्यानं बसायचं. आन एक ध्यानात ठेवा. वाईट बातमी कुणालाच एकट्यानं कळता कामा नये. प्रमुखानं दोघांना संगं घेऊन जायचं."

फौजेचा शिक्का असलेली पत्रं कुशाबा पोस्टमन मळोमळी हिंडत बसण्याऐवजी शाळेत आणून हर्षालीच्या हातात देऊ लागला. ती मधल्या सुट्टीत वाटायची. शनिवारी पत्रं लिहून झाली की टपालपेटीत टाकण्याआधी तिच्याकडे यायची. मजकूर वाचायचा नाही, असा सुभेदारांचा हुकूम होता. तिनं फक्त पत्ता नीट आहे का बघायचं. पण हर्षाली माथाही बघायची. वर "श्री" नसला की स्वतःच्या पेनानं घालायची, छान वेलांटी काढून.

याला कारण होतं. ती तिसरीत असताना पारगावहून आईच्या माहेरचं एक कार्ड आलं. आईला वाचता येत नव्हतं. पण तिनं कार्डाच्या वरच्या कडेला नुसती नजर टाकली आणि हंबरडा फोडला. आजोबा गेल्याचं पत्र होतं, आणि असल्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. वाचून झाल्यावर ते कार्ड घरात ठेवलंसुद्धा नाही, अंगणातच फाडलं. तेव्हापासून पत्र हातात आलं की हर्षाली आधी माथा बघायची. श्री दिसला की सगळं ठीक.

आता हर्षालीच्या मनातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती स्वतः कुणाला सांगणार नाही. तिचे वडील, आण्णा, फौजेत होते खरे, पण जबलपूरच्या भांडारात. बूट, पट्टे आणि पांघरुणं यांचा हिशेब ठेवायचे. मंडळातला भरत एकदा हसत म्हणाला होता, "तुझ्या आण्णाला काय व्हतंय? लईत लई बुटांचं खोकं पायावर पडंल." पोरं हसली. हर्षालीही हसली, पण तो शब्द तिला कुसळासारखा सलत राहिला. पोरं प्रमुख म्हणून तिचं ऐकायची. पण टीव्हीवर बातम्या लागल्या की सगळ्यांच्या नजरा कल्याणीकडे वळायच्या.

कल्याणी तिच्याच वर्गातली, दहावीतली. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत राहायची. वडील भागुजी हवालदार. त्यांची पलटण सिकंदराबादला होती आणि कधीही वर, कारगिलकडे, निघेल असं सगळे म्हणत होते. कल्याणी फार बोलायची नाही. पण सहावीतली एक पोर रडायला लागली तेव्हा हर्षालीनं तिला भाषण दिलं, आणि कल्याणीनं नुसतं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोर भाषणानं गप्प झाली नव्हती. हर्षालीनं ते बघितलं होतं आणि तिला ते आवडलं नव्हतं.

त्यातच सुभेदारांनी एक फॉर्म आणला. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जवानांच्या मुलांचं दहा दिवसांचं शिबिर होतं. पुढारपण कसं करावं, चार माणसांना बरोबर कसं न्यावं, असलं शिकवणार होते. मंडळातून एकालाच जाता येणार होतं. फॉर्मवर एक प्रश्न होता: मंडळासाठी तुम्ही केलेल्या एका महत्त्वाच्या कामाचं वर्णन करा. हर्षालीनं तो घरी नेला आणि त्या प्रश्नापाशी अडकली. पत्रं वाटणं हे काही वर्णन करण्यासारखं काम नव्हतं.

जूनच्या शेवटच्या बुधवारी कुशाबाच्या पिशवीत पाणी गेलं. त्यानं तीन पत्रं तिच्या हातात दिली. दोन ठीक होती. तिसरं आंतरदेशीय ओलं झालं होतं. पाठवणाऱ्याचं नाव धुऊन गेलेलं, शिक्का तेवढा फौजेचा. पत्ता कल्याणीच्या आईच्या नावानं होता. एका बाजूचा डिंक सुटला होता. उघडायचं नाही हे हर्षालीला ठाऊक होतं, आणि तिनं ते उघडलं नाही. तिनं ते जरा फुगवलं आणि आत डोकावली.

वरची कड कोरी होती. श्री नव्हता. खाली ओळींची शेवटची टोकं तेवढी दिसत होती, आणि त्यात दोन शब्द स्पष्ट होते: "मन घट्ट".

तिला रडू फुटलं. हे खरं होतं, उगाच तिला सगळाच दोष द्यायला नको. तिनं मनगटानं डोळे पुसले. पलटणीतल्या कुणीतरी लिहिलं असणार. तार का आली नाही? पण लढाईच्या धांदलीत कोण कुणाला विचारतंय. तिनं पत्र भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. सुभेदार कामासाठी पुण्याला गेले होते ते शनिवारी येणार होते. मुख्याध्यापक होते, पण मुख्याध्यापकांना काय कळणार, असं तिनं ठरवलं. वाईट बातमी एकट्याला कळू द्यायची नाही, प्रमुखानं दोघांना घेऊन जायचं, हा नियमच होता. आणि नियमात "लगेच" असा शब्द नव्हता.

गुरुवारी तिला रडू आलं नाही. गुरुवारी ती बोलायचं काय याची तयारी करत होती. "कल्याणी, आपण शूराच्या मुली आहोत." नको, ते फार पुस्तकी होतं. "कल्याणी, मी आहे." हे बरं होतं. विहिरीवर धुणं धुताना तिनं ते तीन-चार प्रकारे म्हणून बघितलं. आणि संध्याकाळी तिनं फॉर्म काढला आणि एका कोऱ्या कागदावर कच्चं लिहिलं: "आमच्या मंडळातील एका मैत्रिणीवर दुःखाचा डोंगर कोसळला, तेव्हा प्रमुख या नात्याने मी..." पुढचं तिनं रिकामं सोडलं, कारण ते अजून घडायचं होतं.

हा कागदही तिनं भूगोलाच्या पुस्तकात, त्या पत्राशेजारीच ठेवला.

शुक्रवारी तिनं भरतला आणि आरतीला विश्वासात घेतलं. भरतच्या तोंडचं पाणी पळालं. आरती म्हणाली, "आगं, आत्ताच दे की मग. तिचं पत्र हाय." हर्षालीनं तिला सुभेदारांचा नियम सांगितला. मग तिघंही कल्याणीशी असं वागायला लागले की कुणालाही संशय यावा. भरतनं तिचं दप्तर उचललं. आरती तिच्याकडे बघून सारखी नाक पुसत होती. मधल्या सुट्टीनंतर मराठीच्या तासाला हर्षाली मुद्दाम तिच्या बाकावर जाऊन बसली आणि डब्यातली अर्धी गूळपोळी तिच्या हातावर ठेवली. तेव्हा दोन वाजून गेले होते. कल्याणीनं पोळी घेतली आणि हळूच विचारलं, "तुमाला झालंय तरी काय आज? मी आजारी दिसती का?"

"काय न्हाई," हर्षाली म्हणाली. "मी हाय."

शनिवारी सकाळची शाळा सुटली. सुभेदार अजून आले नव्हते. पण आरती आता ऐकेना, म्हणाली मीच सांगते. मग हर्षालीनं सगळ्या मंडळालाच रांगेत घेतलं आणि ओढा ओलांडला. कल्याणी विचारून विचारून थकली. तिचा धाकटा भाऊ रत्नदीप तिचं बोट धरून चालत होता. सहावीत गेल्यापासून त्यानं कुणाचं बोट धरलं नव्हतं.

कल्याणीची आजी, जानकाबाई, दारात शेंगा फोडत बसली होती. शाळेची अकरा पोरं खाली मान घालून ओळीनं येताना बघितली आणि ती उठली. सूप कलंडलं. "काय रं? भागुजीचं काय?" कुणी बोलेना. तेवढं तिला पुरलं. म्हातारीनं छाती बडवून असा आवाज काढला की वस्तीतली माणसं हातातलं काम टाकून धावली. कुणीतरी कल्याणीच्या आईला बोलवायला शेताकडे पळालं.

हर्षालीनं ठरवलेलं वाक्य तिला आठवेना. तिनं पुस्तकातून पत्र काढलं आणि पुढं केलं. कल्याणीनं हात लांब केला आणि मागे घेतला.

"वाच," कल्याणी म्हणाली. "तूच वाच."

हर्षालीनं राहिलेला डिंक सोडवला आणि वाचायला लागली.

"चि. कल्याणी व चि. रत्नदीप यांना अनेक आशीर्वाद. आईस व तुमच्या आईस सप्रेम जय भीम. मी खुशाल आहे—"

"जिता हाय!" कुणीतरी ओरडलं. जानकाबाई मटकन खाली बसली आणि हसू लागली, हसता हसता रडू लागली. रत्नदीपनं उडी मारली. भरतनं कपाळाचा घाम पुसला. हर्षालीलाही हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याच्या तळाशी एवढीशी निराशा होती. ती तिची तिला दिसली. आयुष्यभर ती विसरली नाही ती ही निराशा.

"म्होरं वाच की," जानकाबाई डोळे पुसत म्हणाली.

"आमच्या पलटणीला वर जायचा हुकूम आला आहे. सुट्टी मिळत नाही. तुमच्या आईला सांगा, मन घट्ट ठेव. एक गोष्ट लिहितो, ती गावभर करू नका. आमची गाडी शुक्रवारी दुपारी दौंडवरून जाणार असे समजते. दोनच्या सुमारास पाणी भरायला थांबेल. जमलं तर सगळे या. रत्नदीपला बघून वर्ष झालं. मी डब्याच्या दारातच उभा..."

तिनं पत्र खाली घेतलं. वस्तीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात कल्याणीची आई पळत पळत दारात आली. खुरपं हातातच होतं, पाय चिखलानं भरलेले. तिनं सगळ्यांची तोंडं बघितली. "काय झालं? काय लिवलंय?"

 रत्नदीपनंच विचारलं, "ताई, शुक्रवार कवा हाय?"

"काल," कल्याणी म्हणाली. मग ती हर्षालीकडे वळली. "पत्र कवा आलं?"

"बुधवारी."

"मग?"

"वर श्री नव्हता," हर्षाली पुटपुटली. "मला वाटलं..."

कल्याणीला कळायला जरा वेळ लागला. मग ती अगदी हळू आवाजात बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आमच्या पत्रावर कवा असतो श्री? आमी न्हाई लिहीत."

"पण तुझ्या पत्रावर तर मी दर शनिवारी..."

"तू घालायचीस. आन मी टपालपेटीत टाकते म्हणून माझं पत्र मागून घ्यायची ना तुझ्याकडनं? घरी आणून नव्या कागदावर उतरवून काढायची. पाच शनिवार. तुला वाईट वाटाय नको म्हणून बोलले न्हाई."

हर्षालीला वाटलं, इथल्या इथं जमिनीनं पोटात घ्यावं. सातवीपर्यंत ती कल्याणीबरोबर एका बाकावर बसली होती. तिच्या घरी ती आज पहिल्यांदा आली होती, तीही मयताला आल्यासारखी रांग लावून. कल्याणीच्या आईनं खुरपं भिंतीला टेकवलं. घागरीतून तांब्या भरला, पोरांच्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "लांबनं आलासा. पानी प्या." आणि मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

हर्षाली पाणी प्यायली. भूगोलाचं पुस्तक उघडंच होतं आणि त्यातला कच्चा कागद खाली पडला होता. तो रत्नदीपनं उचलून दिला. त्यानं वाचला की नाही हे तिला कधीच कळलं नाही.

सुभेदार संध्याकाळी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हर्षाली शिव्यांची वाट बघत उभी होती. सुभेदार म्हणाले, "फौजेत चूक झाली की रिपोर्ट दुसरा कुणी लिहीत न्हाई. ज्याची चूक, त्यानंच लिहायचा, साहेबाच्या नावानं. तुझा साहेब आता भागुजी हाय." मग म्हणाले, "नियम मी केला व्हता. त्यात लगीच हा शब्द घालायचा राहिला. तेवढी माझी चूक." पण यानं तिला काही हलकं वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी पडवीत ती एका बाजूला आंतरदेशीय घेऊन बसली. प्रमुखपण तिनं आल्याआल्याच सोडलं होतं. पोरांनी कल्याणीचं नाव घेतलं आणि कल्याणी नको-हो काही न म्हणता कुशाबाची पत्रं वाटायला लागली होती. हर्षालीचं पेन सवयीनं कागदाच्या माथ्याकडे गेलं आणि तिथंच थबकलं. ती उठली आणि कल्याणीपाशी गेली.

"वर काय लिहू?"

कल्याणीनं तिच्याकडे बघितलं. पाच शनिवार जो प्रश्न विचारायला हवा होता तो हाच, हे दोघींनाही कळत होतं. "जय भीम लिही," ती म्हणाली. "न लिहिलंस तरी चालतं. त्यांना मजकूर वाचायची सवय हाय."

हर्षालीनं सगळं लिहिलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. विहिरीवर म्हणून बघितलेलं वाक्य लिहिलं. फॉर्मचा कागदही लिहिला. लिहिताना कान तापले होते. शुक्रवारी दोन वाजताच्या गूळपोळीचं मात्र तिला लिहिता आलं नाही.

मग ती वाट बघू लागली. आण्णांच्या पत्राची तिनं कधी अशी वाट बघितली नव्हती. रोज टीव्हीवर शहिदांची नावं सांगायचे आणि ती देवापुढं हात जोडून उभी राहायची. तिच्या आईला वाटायचं पोरगी जबलपूरसाठी काळजी करतेय. जुलै संपता संपता लढाई थांबली, पण पत्र आलं नाही. रत्नदीप तिला रस्त्यात दिसला की ती वाट बदलायची. त्याच्या बापाचं काही बरंवाईट झालं तर त्याची शेवटची भेट तिनं भूगोलाच्या पुस्तकात दाबून ठेवली होती, हे ती स्वतःला रोज सांगायची. पुण्याच्या शिबिराचा फॉर्म कल्याणीनं भरला. त्या प्रश्नाखाली तिनं काय लिहिलं हे विचारायची हर्षालीची हिंमत झाली नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कुशाबा आला. मधल्या सुट्टीत कल्याणी पत्रं वाटत वाटत हर्षालीपाशी आली आणि एक आंतरदेशीय तिच्यापुढं धरलं. नाव हर्षालीचं होतं. अक्षर ओळखीचं होतं. एकदाच वाचलं होतं, पण ते ती विसरणार नव्हती.

"तू आधी वाच," हर्षाली घाईनं म्हणाली. "तुझ्या बाबांचं हाय."

"तुझ्या नावाचं हाय," कल्याणी म्हणाली. "दुसऱ्याचं पत्र मी ठेवून घेत न्हाई."

त्यात टोमणा होता की नुसतं खरं होतं, हे हर्षालीला कळलं नाही. तिनं पत्र हातात घेतलं. बाहेरच्या बाजूला, पत्त्याच्याही वर, लाल शाईनं मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला होता: खुशाल. उघडलं तर आतही, वरच्या कडेला, जिथं श्री असतो तिथं, तोच शब्द होता. त्याखाली जय भीम, आणि मग मजकूर.

"चि. हर्षाली, तुझे पत्र पोचले. खरे लिहिलेस, बरे वाटले. तू लहान आहेस, घाबरलीस. यापुढे माझ्या प्रत्येक पत्रावर बाहेरून हा शब्द लिहीत जाईन, म्हणजे पत्र कुणाच्याही हातात पडले तरी पोरीबाळींचा जीव टांगणीला लागायला नको. कल्याणीच्या आईलाही तसे कळवले आहे. अभ्यास कर. मंडळ सोडू नकोस. दौंडचे मनाला लावून घेऊ नकोस. गाडी पस्तीस मिनिटं थांबली होती, पण गर्दी फार होती, घरचे आले असते तरी कदाचित चुकामूक झाली असती. तुझा काका, भागुजी."

कल्याणी समोर उभीच होती. वाचून झाल्यावर हर्षालीनं पत्र तिच्या हातात दिलं. कल्याणीनं ते वाचलं, शेवटच्या ओळींपाशी जरा रेंगाळली, घडी घातली आणि परत दिलं.

"गर्दी नसती," ती म्हणाली. "फौजेच्या गाडीला कुठली गर्दी?"

आणि ती पुढच्या पोराचं पत्र द्यायला गेली. हर्षाली तिथंच बसून राहिली. मनाला लावून घेऊ नको म्हणणाऱ्या माणसानं त्या दारात उभं राहून मिनिटं मोजली होती.